हॉलमधली शर्यत: मुंबईच्या घरात टायनी व्हूप उडवायला शिकण्यासाठी

जून ते सप्टेंबर मुंबईत बाहेर काही उडवायची सोय नाही, आणि उरलेले आठ महिने मोकळी जागा सापडत नाही. ड्रोन रेसिंगच्या एका प्रकाराचं मात्र या दोन्हींवाचून काही अडत नाही. तळहातावर मावणारा, बॅटरीसकट जेमतेम २५ ते ३० ग्रॅम वजनाचा ड्रोन, त्याच्या नाकावर इवलासा कॅमेरा आणि तुमच्या डोळ्यांवर गॉगल. ड्रोन जे पाहतो तेच तुम्ही पाहता, आणि सोफ्याखालून, डायनिंग टेबलाच्या पायांमधून, दाराच्या चौकटीतून वेगाने वळत जाता. याला टायनी व्हूप म्हणतात. अमेरिकेत कोलोरॅडोमधल्या जेसी पर्किन्स यांनी ब्लेड इंडक्ट्रिक्स या खेळण्यातल्या ड्रोनवर कॅमेरा बसवला, तिथून हा प्रकार रुजला. आज त्याच्या शर्यती जगभर बंद हॉलमध्ये होतात.

व्हूपच्या चारही पंख्यांभोवती प्लास्टिकचं कडं असतं. भिंतीवर आपटला तरी तो बहुतेक वेळा उसळून पुढे जातो, आणि पडला तरी वजन इतकं कमी की सहसा काही मोडत नाही. म्हणूनच शिकण्यासाठी यापेक्षा चांगला ड्रोन नाही, असं माझं ठाम मत आहे. पाच इंची पंख्यांच्या मोठ्या ड्रोनवर शिकणारा माणूस पडायला घाबरतो. व्हूपवर शिकणारा दिवसभर पडतो आणि तेवढाच शिकतो.

आधी रेडिओ, ड्रोन नंतर

बहुतेक जण ड्रोनपासून सुरुवात करतात. उलट करा. पहिली खरेदी रेडिओची, म्हणजे हातातल्या कंट्रोलरची. तो वर्षानुवर्षं टिकतो, पुढे त्याच रेडिओ प्रणालीचा कुठलाही ड्रोन घेतलात तरी तोच चालतो, आणि यूएसबी केबलने कॉम्प्युटरला जोडला की लगेच सिम्युलेटरवर सराव सुरू होतो. एक्स्प्रेसएलआरएस ही रेडिओ प्रणाली असलेलाच घ्या. व्हूपच्या दुनियेत आता तीच सर्रास चालते. रेडिओमास्टर पॉकेट किंवा बॉक्सर, नाहीतर बीटाएफपीव्हीचा लाइटरेडिओ ३, यांपैकी काहीही चालेल. पॉकेट लहान हातांना बरा बसतो. अंगठे स्टिकवर ठेवायचे की अंगठा आणि तर्जनीत स्टिक धरायची, हे पहिल्या आठवड्यात दोन्ही करून ठरवा. नंतर सवय बदलणं जड जातं.

सिम्युलेटरमध्ये व्हेलॉसिड्रोन आणि लिफ्टऑफ: मायक्रो ड्रोन्स हे दोन्ही व्हूपसाठी उपयोगी आहेत. दुसरा तर घरातल्याच आकाराच्या जागांवर बेतलेला आहे. तिथे पहिल्या दिवसापासून अॅक्रो मोडमध्ये उडवा. अँगल मोडमध्ये स्टिक सोडली की ड्रोन आपोआप सपाट होतो. अॅक्रोमध्ये होत नाही. स्टिकने फक्त फिरण्याचा वेग ठरतो, आणि सोडल्यावर ड्रोन आहे त्याच कलात राहतो. सुरुवातीला हे अवघड वाटतं, पण शर्यतीतली वळणं आणि खाली मारायच्या उड्या अॅक्रोशिवाय नीट जमत नाहीत. सिम्युलेटरमध्ये पडल्याचा खर्च नाही, म्हणून अवघड गोष्ट तिथेच शिकून घ्यायची. एका गेटमधून, म्हणजे शर्यतीच्या मार्गावरच्या चौकटीतून, सलग न अडखळता जाता येऊ लागलं की खरा ड्रोन घ्यायची वेळ झाली असं समजा.

गॉगलमध्ये दोन मार्ग आहेत, अॅनालॉग आणि डिजिटल. अॅनालॉगचं चित्र जुन्या टीव्हीसारखं मुंग्या येणारं, पण चित्र डोळ्यांपर्यंत पोचायला उशीर अगदी कमी, ड्रोन हलका आणि खर्च आटोपशीर. डिजिटलमध्ये एचडीझिरो या प्रणालीचा उशीर शर्यतीला चालण्याइतका कमी आहे. डीजेआय आणि वॉकस्नेलचं चित्र देखणं, पण त्यांचे भाग इतक्या छोट्या ड्रोनला जड होतात. नवख्याने अॅनालॉग घ्यावं. ईव्ही८००डीसारखा पेटीच्या आकाराचा गॉगल सुरुवातीला पुरतो, चष्मा लावणाऱ्यांनाही बहुधा सोयीचा पडतो, आणि त्यात रेकॉर्डिंग होतं. रेकॉर्डिंग असलेलाच गॉगल घ्या. ते पुढे फार कामी येतं.

ड्रोन कोणता, आणि आणायचा कुठून

६५ मिलिमीटरचा, एका सेलच्या बॅटरीवर चालणारा व्हूप घ्या. हे माप तिरक्या समोरासमोरच्या दोन मोटरींमधलं अंतर असतं. ७५ मिलिमीटरचा थोडा दमदार असतो, पण वन बीएचकेच्या हॉलमध्ये तो उगाच मोठा वाटतो. मोब्युला ६, मिटिऑर ६५, एअर ६५ ही नावं तुम्हाला सारखी दिसतील. मोटर ०७०२ किंवा ०८०२ मापाची असते, म्हणजे मोटरीच्या आतल्या स्थिर गाभ्याचा व्यास ७ किंवा ८ मिलिमीटर आणि उंची २. पंखे, ज्यांना सगळे प्रॉप्स म्हणतात, ३१ मिलिमीटरचे. दोन पात्यांचे प्रॉप्स वेगाला बरे, तीन पात्यांचे वळणावर जरा जास्त पकड देतात. शिकताना तीन पात्यांचे लावा आणि जास्तीचे दोन-तीन संच घेऊन ठेवा.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशातून तयार ड्रोन आयात करायला भारतात बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद. सुट्या भागांच्या आयातीला ही बंदी लागू नाही. म्हणजे परदेशी संकेतस्थळावर स्वस्तात दिसलेला तयार व्हूप मागवलात तर तो कस्टममध्ये अडकण्याची शक्यता मोठी. भारतातल्या विक्रेत्यांकडून घ्या, किंवा फ्रेम, मोटरी, कंट्रोल बोर्ड आणि कॅमेरा वेगळे घेऊन जोडा. बहुतेक व्हूपच्या मोटरी छोट्या प्लगने बोर्डाला लागतात, त्यामुळे जोडणी वाटते तितकी कठीण नाही. फक्त कॅमेरा आणि बॅटरीच्या वायरी डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, जोडाव्या लागतात. डाग देण्याची मशीन, बारीक टोकाचं स्क्रूड्रायव्हर, कनेक्टर, मल्टिमीटर हे सगळं ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत मिळतं. तिथल्या दुकानदारांना ड्रोनचं माहीत नसलं तरी कनेक्टर हातात दिला की ते बरोबर तसाच काढून देतात, म्हणून नमुना सोबत न्या.

बॅटऱ्या निदान सहा तरी हव्यात. एक बॅटरी संथ उडवताना तीन-चार मिनिटं टिकते, शर्यतीच्या वेगात दोन-अडीच. दोनच बॅटऱ्या असल्या तर हात बसायच्या आत संपतात आणि मग चार्जिंगची वाट बघत बसावं लागतं. घेताना कनेक्टर बघा. जुना पीएच २.०, नंतरचे बीटी २.० आणि ए३०, हे एकमेकांत बसत नाहीत. सगळा संच एकाच कनेक्टरचा ठेवा.

बॅटरी हा या खेळातला एकमेव धोकादायक भाग

ड्रोन लागून फार तर ओरखडा येईल. लिथियम बॅटरी मात्र पेट घेऊ शकते, आणि आपली घरं लहान, पडदे जवळ, बाहेर पडायचं दार एकच. म्हणून इथे थोडं सविस्तर.

व्हूपच्या बॅटऱ्या बहुधा ३०० एमएएचच्या, हाय व्होल्टेज प्रकारच्या असतात. त्या ४.३५ व्होल्टपर्यंत भरतात. साध्या लिथियम पॉलिमर बॅटरीची मर्यादा ४.२० आहे. चार्जरवर हा पर्याय निवडता येतो, आणि साधी बॅटरी चुकूनही ४.३५ वर लावायची नाही. चार्जिंग स्वयंपाकघराच्या कडप्प्याच्या किंवा ग्रॅनाइटच्या ओट्यावर करा, गॅसपासून लांब, जवळ कागद-कापड काही न ठेवता. गादीवर नाही, लाकडी टेबलावर नाही, रात्री झोपताना नाही, आणि घरात कोणी नसताना तर मुळीच नाही.

उडवताना गॉगलमध्ये व्होल्टेज दिसत असतं. जोर देताना ते खाली जातं आणि सोडल्यावर वर येतं. जोर असताना ३.२ ते ३.३ दिसू लागलं की उतरवा. रोज याच्याही खाली ओढलेली बॅटरी महिन्याभरात दम सोडते. काही दिवस उडवणार नसाल तर ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा, पूर्ण भरून ठेवू नका. प्रत्येक बॅटरीवर मार्करने क्रमांक लिहा, म्हणजे कोणती कमजोर होत चालली आहे ते कळतं. फुगलेली, चेपलेली, गोड वास येणारी बॅटरी वापरातून लगेच बाद. ती ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. सोसायटीच्या कचऱ्याच्या गाडीत दाबली गेलेली बॅटरी तिथे आग लावू शकते, आणि ती आग सफाई कामगाराच्या हातात लागते.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी

व्हूपच्या बोर्डावर बीटाफ्लाइट नावाचं मुक्त सॉफ्टवेअर चालतं. कॉम्प्युटरला जोडताना डेटा जाणारी यूएसबी केबल लागते. मोबाइलच्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात, आणि त्यामुळे ड्रोनच खराब आहे असं वाटत राहतं. जोडल्यावर काहीही बदलण्याआधी कमांड लाइनमध्ये ‘डिफ ऑल’ ही आज्ञा देऊन येणारा सगळा मजकूर एका फाइलमध्ये जपून ठेवा. पुढे काहीही बिघडलं तरी ती फाइल मूळ स्थितीवर परत आणते. फर्मवेअर, म्हणजे बोर्डावरचं हे सॉफ्टवेअर, नवीन टाकायचा मोह पहिल्या महिन्यात आवरा.

रेडिओ आणि ड्रोनमधल्या एक्स्प्रेसएलआरएसची मुख्य आवृत्ती एकच हवी. तीनला तीन. दोन्हीकडे एकच बाइंडिंग वाक्य, म्हणजे परवलीचं वाक्य, टाकलं की ते आपोआप जोडले जातात. काही जुन्या बोर्डांवर रेडिओचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर वेगळा नसून बीटाफ्लाइटमध्येच असतो. तिथे आवृत्ती जुळत नसेल तर जाणकाराची मदत घ्या.

मग स्विच. एकावर आर्म, म्हणजे मोटरी सुरू-बंद. हे बोट न हलवता सहज लागेल अशा ठिकाणी ठेवा, कारण अडचणीत सापडल्यावर पहिली कृती डिसआर्म हीच असते. दुसऱ्यावर अँगल आणि अॅक्रो. तिसऱ्यावर टर्टल, ज्याने उलटा पडलेला ड्रोन मोटरी उलट्या फिरवून सरळ होतो. टर्टल नसेल तर दर वेळी गॉगल काढून सोफ्यामागे वाकावं लागेल. चौथ्यावर बीपर. तोही हवा, कारण कपाटाच्या वर जाऊन बसलेला व्हूप दिसत नाही, फक्त ऐकू येतो.

आता प्रॉप्स काढून दोन तपासण्या. आर्म करून रेडिओ बंद करा. मोटरी लगेच थांबल्या पाहिजेत. थांबल्या नाहीत तर उडवायचं नाही, आधी ते दुरुस्त करायचं. मग प्रत्येक मोटरची दिशा सॉफ्टवेअरमधल्या चित्राशी ताडून पाहा. प्रॉप्सही दोन दिशांचे असतात. चुकीच्या जागी बसवले तर ड्रोन आर्म होताच जमिनीवर गरगर फिरतो. नव्वद टक्के वेळा ‘उडतच नाही’ या तक्रारीचं कारण हेच निघतं.

कॅमेऱ्याचा कल सुरुवातीला १५ ते २० अंश ठेवा. कल जितका जास्त तितका ड्रोन पुढे झुकवूनच समोर दिसतं, म्हणजे वेग सक्तीने वाढतो. हात सरावला की पाच-पाच अंशांनी वाढवा.

घर तयार करा

खिडक्या बंद. हा नियम पाळला नाही तर बाकी सगळं वाया. ग्रिलच्या गजांमधून ६५ मिलिमीटरचा व्हूप आरामात बाहेर जातो, आणि दहाव्या मजल्यावरून खाली रस्त्यावर माणसं असतात. सीलिंग फॅन बंद. त्याच्या पात्यात अडकला तर ड्रोन तर जातोच, आणि त्याच्या वाऱ्यानेही एवढा हलका ड्रोन नुसता ढकलला जातो. एसीच्या थेट झोताचंही तसंच. घरात पाळीव मांजर असेल तर ते दुसऱ्या खोलीत. देवापुढे समई तेवत असेल त्या वेळी नको. लांब केस बांधा, आणि जमिनीवरचे केस-धागे झाडून काढा. केस मोटरच्या दांड्याभोवती गुंडाळला की मोटर तापते, आणि तो काढायला चिमटा आणि सुई घेऊन अर्धा तास जातो. घरात व्हूप बंद पडण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण आहे.

आणि वायफाय. व्हूपचं चित्र ५.८ गिगाहर्ट्झवर येतं, आणि राउटरचे १४९ ते १६१ हे चॅनेल नेमके ५७३५ ते ५८१५ मेगाहर्ट्झच्या आसपास बसतात. स्वतःचा राउटर ३६ ते ४८ यांतल्या चॅनेलवर न्या, चित्रात लगेच फरक दिसेल. शेजाऱ्यांच्या राउटरना सांगता येत नाही, म्हणून आपला व्हिडिओ चॅनेल बदलून कुठे स्वच्छ दिसतं ते बघायचं. ड्रोनवरून चित्र पाठवणाऱ्या ट्रान्समीटरची ताकद २५ मिलिवॉट पुरते. बंद खोलीत काँक्रीट आणि लोखंडी दारांवरून लहरी परत येतात, त्यामुळे ताकद वाढवून चित्र सुधारत नाही.

बाहेर उडवायचा विचार मनात आला तर थांबा. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो गटात येतो आणि त्याला पायलट प्रमाणपत्र लागत नाही, हे खरं. पण मुंबईत सांताक्रूझचा विमानतळ आहे, कुलाब्याला नौदल आहे, ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे, आणि मुंबई पोलीस वेळोवेळी ड्रोनवर मनाई आदेश काढतात. गच्चीवर गॉगल लावून उभा राहिलेला मुलगा पाहून कोणीही फोन करेल. सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावरचा नकाशा आणि त्या वेळचा पोलिसांचा आदेश पाहिल्याशिवाय बाहेर पाऊल नको. छताखाली उडवायला हवं तेवढं आहे.

सराव

पहिले काही दिवस गॉगल न लावता, ड्रोनकडे बघत, अँगल मोडमध्ये. कंबरेच्या उंचीवर एका जागी धरून ठेवायचा. हे कंटाळवाणं आहे आणि याला पर्याय नाही. या ड्रोनला उंची धरून ठेवणारा सेन्सर नसतो, त्यामुळे डाव्या हाताचा थ्रॉटल, म्हणजे मोटरींचा जोर, तुम्हालाच सतत बारीक हलवत राहावा लागतो. शर्यतीतलं निम्मं कौशल्य याच अंगठ्यात आहे.

मग गॉगल. बसूनच उडवा, कारण उभं राहिलं की चित्राबरोबर शरीरही वळतं आणि तोल जातो. खोलीभोवती संथ फेऱ्या मारा, आधी एका दिशेने, मग दुसऱ्या. आपल्याला आवडणारी एक दिशा असतेच. नावडत्या दिशेला दुप्पट वेळ द्या. मग दोन स्टुलं मांडून त्यांच्याभोवती इंग्रजी आठाच्या आकारात फिरा. वळताना रोल, म्हणजे बाजूला कलणं, आणि यॉ, म्हणजे जागच्या जागी नाक वळवणं, एकत्र द्यावे लागतात. नुसता यॉ दिला तर ड्रोन बाहेर घसरत जातो, नुसता रोल दिला तर नाक वळत नाही. आठाच्या मध्यावर उंची खाली-वर न होता दिशा बदलता आली की अॅक्रोकडे वळा.

गेट आणि मार्ग

गेट विकत घ्यायची गरज नाही. धोबी तलावच्या खेळांच्या दुकानांत मिळणारी हुला हूप, लोहार चाळीतून आणलेली बारीक इलेक्ट्रिक पीव्हीसी पाइप, एसीच्या तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा फोम, यांतून सुंदर गेट होतात. फोम नक्की चढवा. कडक पाइपला धडकून प्रॉप्स वाकतात, फोमला धडकून नाही. उघडी जागा साधारण ४५ ते ६० सेंटिमीटर ठेवा, आणि कडेला भडक रंगाची टेप लावा, कारण अॅनालॉग चित्रात पांढऱ्या भिंतीवरचं पांढरं गेट दिसतच नाही. गुळगुळीत लादीवर दिव्यांचं प्रतिबिंब पडून जमिनीचा अंदाज चुकतो, म्हणून मार्गाखाली चटई किंवा सतरंजी टाका.

तीन गेट पुरेत, पण ती वेगवेगळ्या उंचीवर हवीत. एक जमिनीलगत, एक कंबरेच्या उंचीवर, एक आडवं, ज्यातून वरून खाली उडी मारायची. त्या उडीआधी थ्रॉटल सोडायचा, नाक खाली करायचं, आणि बाहेर पडण्याआधीच परत थ्रॉटल द्यायचा. नवखे तो उशिरा देतात आणि जमिनीवर आदळतात. व्हूपच्या मोटरी इतक्या छोट्या की त्यांना वेग पकडायला क्षणभर लागतो, तेवढं आधी द्यावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गेटमधून जाताना त्या गेटकडे बघू नका. ते पार होण्याआधीच नजर पुढच्या गेटवर हवी. आणि गेटच्या मध्यातून जायचा अट्टहास सोडा. पुढचं वळण उजवीकडे असेल तर ड्रोन बाहेरच्या बाजूने आत येऊन उजव्या कडेला घासून निघाला पाहिजे. लहान खोलीत वेग वाढवायला जागाच नसते. सेकंद वाचतात ते याच रेषेत, म्हणून सर्वांत वेगवान पायलटांचं उडणं बघताना ते संथ वाटतं. मार्ग रोज बदलू नका. एकच मार्ग आठवडाभर उडवा.

चौघं मिळून

शर्यतीसाठी सोसायटीचं क्लब हाउस, एखाद्या शाळेचा रविवारी रिकामा हॉल किंवा कार्यालयाची आतली खोली पुरते. सेक्रेटरींना आधी ड्रोन हातात देऊन दाखवा. वजन बघितलं की परवानगीचं बोलणं सोपं होतं.

एका वेळी चौघं उडवतात, प्रत्येकाचा व्हिडिओ चॅनेल वेगळा. शर्यतीत वापरतात त्या रेसबँड या संचाचे आठ चॅनेल ५६५८ पासून ५९१७ मेगाहर्ट्झपर्यंत ३७-३७ च्या अंतराने आहेत. शेजारचे चॅनेल एकमेकांत मिसळतात, म्हणून मध्ये एक मोकळा सोडणं बरं. भारतात ५८७५ च्या वर विनापरवाना वापराचा हा पट्टा संपतो, त्यामुळे शेवटचे दोन, म्हणजे ५८८० आणि ५९१७, टाळा. चार चॅनेल मोकळे मिळत नसतील तर हीट, म्हणजे एका वेळची शर्यत, तिघांचीच ठेवा. चित्र स्वच्छ असलेली तिघांची शर्यत चौघांच्या गोंधळापेक्षा केव्हाही चांगली.

आणि एक शिष्टाचार, जो मोडल्यावर लोक खरंच नाराज होतात: दुसऱ्यांची हीट चालू असताना विचारल्याशिवाय बॅटरी जोडायची नाही. बॅटरी लावताच तुमचा ट्रान्समीटर सुरू होतो, आणि त्याच चॅनेलवर उडणाऱ्याच्या गॉगलमध्ये अचानक तुमची चटई दिसू लागते.

वेळ मोजायला रोटरहझार्ड ही मुक्त प्रणाली आहे. रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर आणि ५.८ गिगाहर्ट्झचे रिसीव्हर जोडून ती घरी बनवता येते. ड्रोन स्टार्टच्या गेटजवळून गेला की त्याच्या सिग्नलची ताकद शिखर गाठते, तोच लॅप, म्हणजे मार्गाची एक फेरी पूर्ण. त्यामुळे मार्गाचा दुसरा कुठलाही भाग टायमरच्या जवळून जाणार नाही असं आखा, नाहीतर खोटे लॅप मोजले जातात. हे नसेल तर एक जण कागद-पेन्सिल घेऊन बसला तरी चालतं. दोन मिनिटांत ज्याचे लॅप जास्त तो पुढे, ही साधी पद्धत ठेवा. एवढ्या वेळाला एक बॅटरी बरोबर पुरते.

स्टार्टचा आवाज झाला की पहिल्या गेटवर चौघं एकदम पोचतात आणि दोघं तिथेच पडतात. पहिल्या वळणावर अर्धा सेकंद मागे राहून मोकळ्या गेटमधून जाणारा नवखा बहुधा दुसऱ्या क्रमांकावर असतो. पडलात तर घाई न करता टर्टल, सरळ, पुन्हा आर्म. हीट झाल्यावर गॉगलमधलं रेकॉर्डिंग लावा आणि नुसता सर्वांत वेगवान लॅप बघू नका. तुमचा सर्वांत वेगवान आणि सर्वांत संथ लॅप यांत किती अंतर आहे ते बघा, आणि ते अंतर कोणत्या गेटवर तयार झालं ते शोधा. घरी तेच एक गेट मांडा, त्याच उंचीवर, त्याच बाजूने येणारं, आणि सहाही बॅटऱ्या त्यावर लावा.